पेशीच्या आत काय काय चालतं? विद्यार्थी आणि पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

आठवीत ‘पेशी व पेशीअंगके’ हा धडा आला की मुलं एक गोल काढतात, आत आठ-दहा आकार भरतात, बाण काढून नावं लिहितात आणि धडा संपतो. मी हा विषय शिकवते, आणि दरवर्षी मला वाटतं की त्या आकृतीतून निम्मी गोष्ट निसटते. आकृती थांबलेली असते, पेशी एक क्षणही थांबत नाही. म्हणून खालची उत्तरं देताना मी प्रत्येक भागाला दोन प्रश्न विचारले आहेत: हा भाग बाकीच्यांपासून वेगळा का ठेवलाय, आणि तो कुणाला काय देतो?

पेशीअंगक म्हणजे नेमकं काय?

कांदा चिरून बघा. अख्खा कांदा टोपलीत महिनाभर पडून असतो, कुणाच्या डोळ्यांना काही होत नाही. सुरी फिरली की पाणी यायला लागतं. कारण कांद्याच्या पेशीत एक विकर (एन्झाइम) रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या साठवणीच्या पिशवीत, बंद असतं आणि ते ज्यावर काम करतं ते गंधकयुक्त पदार्थ रिक्तिकेच्या बाहेर, पेशीद्रव्यात असतात. मध्ये असतो फक्त एक पातळ पडदा. सुरीने तो फाटला की दोघांची गाठ पडते आणि त्यातून पुढे डोळ्यांना झोंबणारा वायू तयार होतो.

हा पडदा म्हणजे पटल. मेदाच्या रेणूंचे दोन थर, त्यात रुतलेली प्रथिनं, आणि जाडी फार तर 10 नॅनोमीटर. आपल्या केसाची जाडी 80,000 नॅनोमीटरच्या आसपास असते, त्यावरून अंदाज घ्या. अशा पटलाने वेगळा केलेला आणि स्वतःचं ठरावीक काम असलेला कप्पा म्हणजे पेशीअंगक. वेगळा कप्पा असला की आतलं वातावरणही वेगळं ठेवता येतं. एकाच पेशीत एका ठिकाणी आम्ल, दुसऱ्या ठिकाणी जवळजवळ उदासीन द्रव, असं पटलांमुळेच जमतं.

रायबोझोमला पटल नाही. मग ते अंगक की नाही?

काही पुस्तकं त्याला अंगक म्हणतात, काही म्हणत नाहीत. परीक्षेत आपल्या पाठ्यपुस्तकाप्रमाणे लिहा. कामाच्या दृष्टीने मात्र त्याच्याशिवाय पान हलत नाही, कारण पेशीतलं प्रत्येक प्रथिन रायबोझोमवरच तयार होतं. त्याची अणू-अणूपर्यंतची रचना उलगडल्याबद्दल 2009 चं रसायनशास्त्राचं नोबेल ज्या तिघांना मिळालं, त्यांत वेंकटरामन रामकृष्णन होते. तामिळनाडूत जन्मलेल्या रामकृष्णन यांनी पदवी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून घेतली, तीही भौतिकशास्त्राची. जीवशास्त्राकडे ते नंतर वळले. बारावीनंतर आता वाट बदलता येणार नाही, असं वाटणाऱ्या मुलांना मी हे मुद्दाम सांगते.

मुलगा सेमी इंग्रजीत आहे. हिंदी व्हिडिओत ‘पेशी’ म्हणजे स्नायू सांगतात. बरोबर काय?

दोन्ही आपापल्या भाषेत बरोबर. हिंदीत सेलला ‘कोशिका’ म्हणतात आणि ‘पेशी’ किंवा ‘मांसपेशी’ म्हणजे आपला स्नायू. मराठीत पेशी म्हणजे सेल. बाकीची जोडी अशी लावा: न्यूक्लियस म्हणजे केंद्रक, मायटोकॉन्ड्रिया म्हणजे तंतुकणिका, लायसोझोम म्हणजे लयकारिका, व्हॅक्युओल म्हणजे रिक्तिका, क्लोरोप्लास्ट म्हणजे हरितलवक, एंडोप्लाझमिक रेटिक्युलम म्हणजे आंतर्द्रव्यजालिका.

मराठी नावांना मुलं घाबरतात, पण ती नावंच अर्थ सांगतात. लय करते ती लयकारिका. आणि ‘तंतुकणिका’ तर मूळ नावाचा शब्दशः अर्थ आहे: ग्रीक भाषेत ‘मायटॉस’ म्हणजे तंतू आणि ‘कॉन्ड्रिऑन’ म्हणजे लहान कण. कार्ल बेंडा यांनी 1898 मध्ये हे नाव दिलं, कारण त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली कधी धागे दिसत, कधी दाणे.

केंद्रकाशिवाय पेशी जगू शकते का?

काही काळ, हो. त्याचं उदाहरण आपल्याच रक्तात आहे. माणसाची तांबडी पेशी अस्थिमज्जेत तयार होताना केंद्रक बाहेर टाकते, तंतुकणिकाही गमावते आणि तरीही सुमारे 120 दिवस रक्तात फिरत राहते. रिकाम्या झालेल्या जागेत हिमोग्लोबिन भरलेलं असतं, एका पेशीत जवळपास 27 कोटी रेणू. तंतुकणिका नसल्याचा फायदाही आहे: ही पेशी जो ऑक्सिजन वाहून नेते तो स्वतः वापरत नाही. पण नवी प्रथिनं बनवता येत नाहीत, झीज भरून काढता येत नाही आणि विभाजनही होत नाही. पक्ष्यांच्या तांबड्या पेशींत केंद्रक असतं. उंटाच्या तांबड्या पेशी लंबगोल असल्या तरी त्यांत केंद्रक नसतं, हे काही गाइडांत चुकीचं छापलेलं असतं म्हणून इथे सांगते.

केंद्रकाचा अधिकार किती आहे हे सगळ्यात सुंदर रीतीने दाखवलं ते योआखिम हॅमरलिंग या जर्मन शास्त्रज्ञाने, 1930 च्या दशकात. त्यांनी निवडलं अॅसिटॅब्युलारिया हे समुद्री शैवाल. ते एकाच पेशीचं असतं, पण काही सेंटिमीटर उंच वाढतं. खाली मुळासारखा भाग, मध्ये देठ आणि वर छत्री. केंद्रक अगदी खालच्या भागात. त्यांनी एका जातीचा देठ दुसऱ्या जातीच्या, केंद्रक असलेल्या बुडख्यावर बसवला. छत्री कापली की नवी उगवते. पहिल्या वेळी कधी कधी मिश्र रूपाची छत्री आली, पण तीही कापल्यावर आलेली छत्री ज्या जातीचं केंद्रक त्याच जातीची होती. पहिल्या छत्रीत मिश्रण का? कारण केंद्रकाने आधी पाठवलेले निरोप देठात शिल्लक होते. ते संपल्यावर नव्या केंद्रकाचंच राज्य. हे निरोप कसले, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. आज आपण त्यांना संदेशवाहक आरएनए म्हणतो.

दोन मीटर डीएनए केंद्रकात मावतो कसा?

हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळून, मग त्या गुंडाळीच्या पुन्हा घड्या घालून. केंद्रकाचा व्यास साधारण 6 मायक्रोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरचा दीडशेवा-पावणेदोनशेवा भाग. त्याभोवती दुहेरी पटल आणि पटलात हजारो छिद्रं. निरोप इथूनच बाहेर जातात. मूळ डीएनए मात्र आतच राहतो.

तंतुकणिका ऊर्जा ‘तयार’ करते का?

नाही. ऊर्जा आधीच अन्नात असते. तंतुकणिका तिचं रूप बदलते, आणि कसं बदलते हे समजायला कोयनेचं धरण डोळ्यांसमोर आणा.

शिवसागर जलाशयात पाणी साठतं, ते बोगद्यांतून खाली कोकणाच्या बाजूला सोडलं जातं, वाटेत टर्बाइन फिरतात आणि वीज मिळते. तंतुकणिकेला दोन पटलं असतात. आतलं पटल खूप दुमडलेलं असतं. अन्नाच्या विघटनातून निघालेल्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेवर या आतल्या पटलातली प्रथिनं हायड्रोजनचे आयन, म्हणजे प्रोटॉन, बाहेरच्या बाजूला उपसत राहतात. पटलापलीकडे प्रोटॉनांचा साठा होतो. त्यांना परत आत यायचं असतं, पण वाट एकच: एटीपी सिंथेज नावाचं प्रथिन. त्यातून प्रोटॉन घुसले की त्याचा एक भाग खरोखर गरगर फिरतो, सेकंदाला शंभरावर फेऱ्या होऊ शकतात, आणि त्या फिरण्याच्या जोरावर एटीपीचे, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे, रेणू जुळतात. मी ‘टर्बाइन’ म्हणते ते अलंकार म्हणून नव्हे. तो रेणू फिरताना शास्त्रज्ञांनी प्रत्यक्ष पाहिला आहे.

पटलापलीकडच्या साठ्याची ही कल्पना पीटर मिचेल यांनी 1961 मध्ये मांडली. अनेकांनी ती कित्येक वर्षं मानली नाही. 1978 मध्ये त्याच कल्पनेला नोबेल मिळालं.

एक आकडा लक्षात ठेवा. आपल्या अंगात एका क्षणी असलेला सगळा एटीपी पाव किलोपेक्षाही कमी भरेल, पण दिवसभरात तो इतक्या वेळा मोडतो आणि पुन्हा जुळतो की एकूण उलाढाल जवळपास आपल्या वजनाइतकी होते. आतलं पटल दुमडलेलं का, याचं उत्तरही इथेच आहे: दुमडल्यामुळे जागा वाढते आणि जास्त टर्बाइन बसतात. यकृताच्या एका पेशीत हजार-दोन हजार तंतुकणिका असतात.

तंतुकणिका म्हणजे पूर्वीचा जिवाणू, हे खरं आहे का?

आज जीवशास्त्रज्ञ हे मानतात. लिन मार्ग्युलिस यांनी 1967 मध्ये यावर सविस्तर लेख छापला. त्याआधी डझनाहून अधिक नियतकालिकांनी तो परत पाठवला होता. पुरावे मात्र भक्कम निघाले. तंतुकणिकेचा स्वतःचा वर्तुळाकार डीएनए असतो. माणसात त्यात डीएनएच्या अक्षरांच्या 16,569 जोड्या आणि 37 जनुकं असतात. तिची रायबोझोमं जिवाणूंच्या जातकुळीची असतात, आणि ती विभाजनाने वाढते. हरितलवकाचीही हीच कथा, फक्त तिथे पूर्वज सायनोबॅक्टेरिया.

मग तंतुकणिका बाहेर काढून वाढवता येईल का? नाही. तिला लागणारी हजाराहून अधिक प्रथिनं आहेत, त्यातली फक्त 13 तिच्या स्वतःच्या जनुकांवरून बनतात. बाकीच्यांच्या सूचना केंद्रकात आहेत. एकत्र राहता राहता संसार इतका गुंतला आहे की आता वेगळं होता येत नाही.

तंतुकणिका आईकडूनच का येतात?

शुक्रपेशीतल्या मोजक्या तंतुकणिका फलनानंतर नष्ट केल्या जातात, म्हणून बाळाला मिळतात त्या अंडपेशीतल्या. त्यामुळे तंतुकणिकेच्या डीएनएतले काही गंभीर आजार आईकडून मुलांकडे जातात. अशा आईच्या अंडपेशीचं केंद्रक निरोगी दात्या स्त्रीच्या, केंद्रक काढलेल्या अंडपेशीत ठेवण्याच्या उपचाराला ब्रिटनच्या संसदेने 2015 मध्ये परवानगी दिली. इथे कुणी कृपा करून आईला दोष देऊ नये. डीएनएतला बदल कुणी निवडत नाही.

आंतर्द्रव्यजालिका आणि गॉल्गी संकुल यांत नेहमी गोंधळ होतो. फरक कसा लक्षात ठेवायचा?

व्याख्या पाठ करू नका, एका प्रथिनाच्या मागे चालत जा. इन्सुलिनच घेऊ, कारण मधुमेहामुळे ते नाव घराघरांत आहे.

स्वादुपिंडातल्या बीटा पेशीच्या केंद्रकात, 11 क्रमांकाच्या गुणसूत्रावर इन्सुलिनचं जनुक आहे. तिथून निघालेला निरोप छिद्रातून बाहेर येतो आणि रायबोझोमला मिळतो. साखळी बनायला लागते, आणि तिचे पहिले 24 अमिनो आम्लांचे मणी म्हणजे जणू पत्ता असतो: ‘मला आंतर्द्रव्यजालिकेकडे न्या’. रायबोझोम साखळीसकट जालिकेला जाऊन चिकटतं. अशी असंख्य रायबोझोमं चिकटल्यामुळेच ती खडबडीत दिसते. प्रथिनांवर असा पत्ता असतो हे दाखवल्याबद्दल गुंटर ब्लोबेल यांना 1999 चं नोबेल मिळालं.

साखळी जालिकेच्या आत उतरते, पत्त्याचा तुकडा कापला जातो आणि 110 मण्यांची साखळी 86 मण्यांची उरते. इथेच तिला घडी पडते आणि गंधकाचे तीन बंध बसतात. घडी चुकली तर जालिका तिला पुढे सोडत नाही, मोडीत काढायला पाठवते. ही तपासणी मला फार महत्त्वाची वाटते, आणि शाळेच्या आकृतीत तिचा मागमूस नसतो.

नीट घडी पडलेली साखळी एका छोट्या पिशवीत बसून गॉल्गी संकुलात येते. एकावर एक रचलेल्या चपट्या थाळ्यांसारखं हे संकुल एका बाजूने माल घेतं, टप्प्याटप्प्याने त्यावर संस्कार करतं आणि दुसऱ्या बाजूने निरनिराळ्या ठिकाणी जाणाऱ्या पिशव्यांत वाटून देतं. इन्सुलिनची पिशवी इथून निघते आणि तिच्यातच मधला तुकडा कापला जातो. उरतात 21 आणि 30 मण्यांच्या दोन साखळ्या, एकूण 51. हे झालं तयार इन्सुलिन. कापलेल्या तुकड्याचं नाव सी-पेप्टाइड. मधुमेहाच्या तपासणीत डॉक्टर कधी कधी ‘सी-पेप्टाइड’ लिहून देतात ते हेच. बाहेरून टोचलेल्या इन्सुलिनबरोबर हा तुकडा येत नाही, त्यामुळे शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतं हे त्यावरून कळतं.

पिशव्या मग वाट बघत थांबतात. आपण जेवलो, रक्तातली साखर वाढली की ती बीटा पेशीत शिरते, तंतुकणिका जास्त एटीपी बनवतात, त्याने पटलातले पोटॅशियमचे दरवाजे बंद होतात, कॅल्शियमचे उघडतात, आणि कॅल्शियम आत आल्याबरोबर पिशव्या प्रद्रव्यपटलाला, म्हणजे पेशीच्या बाहेरच्या पटलाला, मिळून इन्सुलिन रक्तात सोडतात.

आता फरक लक्षात राहील: साखळी बनणं आणि घडी पडणं जालिकेत, पुढचे संस्कार आणि वाटप गॉल्गी संकुलात.

गुळगुळीत आंतर्द्रव्यजालिका काय करते?

मेद आणि स्टेरॉइड संप्रेरकं बनवते. यकृतात औषधं आणि मद्य यांसारख्या पदार्थांचं रूपांतर करते. स्नायूंत कॅल्शियम साठवते.

लयकारिकांना ‘आत्मघाती पिशव्या’ म्हणणं बरोबर आहे का?

पुस्तकात आहे, लिहा. पण त्या नावाने लयकारिकेवर अन्याय होतो. ख्रिश्चन द ड्यूव्ह यांनी 1955 मध्ये तिचा शोध जाहीर केला. तिच्या आत पन्नासच्या वर पाचक विकरं असतात आणि ती आम्लातच, सामू (pH) 5 च्या खाली, नीट चालतात. बाहेर पेशीद्रव्याचा सामू 7.2 च्या आसपास. म्हणजे एखादी लयकारिका फुटली तरी विकरं बाहेर जवळजवळ गप्प होतात. तिचं रोजचं काम आहे जुन्या तंतुकणिका, बिघडलेली प्रथिनं, आत आलेले जिवाणू यांचे तुकडे करून ते पुन्हा वापरायला देणं. यातलं एक जरी विकर जन्मतः नसेल तर कचरा साठत जातो. टे-सॅक्स या आजारात मज्जासंस्थेच्या पेशींत असंच होतं.

‘एकादशीचा उपवास केल्यास कर्करोग बरा होतो, जपानी शास्त्रज्ञाला नोबेल मिळालं’ असा मेसेज येतो. खरं काय?

योशिनोरी ओसुमी यांना 2016 चं नोबेल मिळालं हे खरं. ते मिळालं पेशी स्वतःचेच भाग वेढून पचवते त्या क्रियेच्या, ऑटोफॅजीच्या, यंत्रणेसाठी. त्यांचं मुख्य काम यीस्टवर होतं. यीस्टला उपाशी ठेवलं की ही क्रिया वाढते, म्हणून मेसेजमध्ये उपवास आला. कर्करोग उपवासाने बरा होतो असं त्यांनी दाखवलेलं नाही. उलट काही गाठींतल्या पेशी तग धरायला हीच क्रिया वापरतात. शिवाय साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याचा कीस खाल्ल्यावर इन्सुलिन वाढतं आणि त्याने ऑटोफॅजी मंदावते. श्रद्धेने उपवास जरूर करा. घरात कर्करोगाचा रुग्ण असेल तर मात्र या मेसेजवर विसंबून त्याला उपाशी ठेवू नका, त्याच्या डॉक्टरांना विचारा.

कांद्याच्या पापुद्र्यात हरितलवक का दिसत नाही? वनस्पतीच आहे ना?

कांद्याचा गड्डा जमिनीत वाढतो, तिथे उजेड नाही, मग हरितलवक कशाला ठेवायचं? त्याच झाडाची हिरवी पात घ्या, तिथे दिसेल. लवकं गरजेप्रमाणे रूप बदलतात. हिरवी मिरची लाल होते तेव्हा हरितलवकाचं वर्णलवक होतं. बटाटा उजेडात हिरवा पडतो तेव्हा पिष्ट साठवणारं लवक हरितलवक बनतं. हिरव्या पडलेल्या भागात सोलॅनिन हे विषही वाढलेलं असू शकतं, म्हणून तो भाग खोल कापून टाका.

रिक्तिका म्हणजे रिकामी जागा का?

नाव फसवं आहे. वनस्पतीच्या पूर्ण वाढलेल्या पेशीत रिक्तिका 90 टक्क्यांपर्यंत जागा व्यापू शकते आणि ती पाणी, क्षार, शर्करा, रंग यांनी भरलेली असते. तिच्या दाबामुळे पेशी ताठ राहते. मेथीची जुडी कोमेजते तेव्हा रिक्तिकांतलं पाणी गेलेलं असतं; पाणी शिंपडल्यावर ती पुन्हा टवटवीत होते. काकडीच्या कोशिंबिरीत मीठ आधी घातलं की पाणी सुटतं तेही तिथलंच.

हे सगळे भाग पेशीत तरंगत असतात का?

नाही, आत सांगाडा आहे. प्रथिनांच्या नळ्या आणि धागे. कायनेसिन नावाचं प्रथिन पिशव्या पाठीवर घेऊन या नळ्यांवरून 8 नॅनोमीटरची पावलं टाकत चालतं. विभाजनाच्या वेळी याच नळ्या गुणसूत्रं दोन बाजूंना ओढतात.

इथे आपल्या मातीचा जवळचा संबंध आहे. पावसाळ्यात सह्याद्रीत लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलणारी कळलावी आणि अंगणातली सदाफुली, दोन्हींतली रसायनं या नळ्यांची जुळणी रोखतात. कळलावीतलं कोल्चिसिन गाऊटवर औषध म्हणून वापरतात. सदाफुलीतली व्हिनक्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन रक्ताच्या कर्करोगासह काही कर्करोगांवर. नळी जुळली नाही की विभाजन अडकतं. कळलावी अतिशय विषारी आहे, तिचा कंद घरगुती उपाय म्हणून कधीही वापरू नका.

वनस्पती आणि प्राणी पेशीतला फरक थोडक्यात?

वनस्पतीत सेल्युलोजची पेशीभित्तिका, लवकं आणि मोठी रिक्तिका. प्राण्यांत तारककेंद्र (सेंट्रिओल), जे फुलझाडांत नसतं. तंतुकणिका दोन्हीकडे असतात. ‘वनस्पतीत हरितलवक असतं म्हणून तंतुकणिका नसते’ ही चूक दरवर्षी उत्तरपत्रिकांत दिसते.

पुस्तकात दाखवतात तसे अंगकांना रंग असतात का?

बहुतेकांना नसतात. हरितलवक हिरवं असतं, बाकी रंग चित्रकाराचे. म्हणून तर रंजकं लागतात. कॅमिलो गॉल्गी यांनी 1898 मध्ये घुबडाच्या मज्जापेशींत चांदीच्या क्षारांनी एक जाळी रंगवून दाखवली. ही जाळी खरी की रंजकामुळे झालेला भास, हा वाद 1950 च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने सोडवला. जाळी खरी होती.

शाळेत सूक्ष्मदर्शक नाही. घरी काय करून बघता येईल?

दोन प्रयोग. बीटचे सारखे तुकडे करा आणि धुतलेलं पाणी नितळ होईपर्यंत धुवा. निम्मे गार पाण्यात ठेवा, निम्मे मोठ्यांच्या मदतीने गरम पाण्यात. रंग रिक्तिकेत असतो. गार पाण्यातल्या तुकड्यांची पटलं शाबूत राहतात, पाणी फारसं रंगत नाही. उष्णतेने पटलं मोडतात आणि पाणी गडद गुलाबी होतं.

दुसरा: औषधाच्या दुकानात मिळणारं 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड कच्च्या बटाट्याच्या कापावर थेंबभर टाका. फेस येईल. पेशीतल्या पेरॉक्सिझोम या अंगकात कॅटलेज विकर असतं, ते पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करतं. मग तोच प्रयोग उकडलेल्या बटाट्यावर करा, आणि फेस का आला नाही ते वहीत स्वतःच्या शब्दांत लिहा.